देवधरबाईंचा दक्षिण दिग्विजय

आम्ही हाउन्सलोला राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच शनिवारी दारावर थाप पडली. दाराला बेल होती आणि ती चालूही होती. पण देवधरबाईंचा बेलवर विश्वास नव्हता. "बेल वाजली की माणूस आधी आरशात बघतो आणि मग दार उघडतो. थाप मारली की धावत येतो," असं त्यांचं म्हणणं. मीही धावतच गेले. समोर ठेंगणीठुसकी, चाळिशी उलटलेली एक बाई उभी होती. हातमागाची साडी, तिच्यावर गुडघ्यापर्यंत मरून रंगाचा ओव्हरकोट, पायांत लोकरीचे मोजे आणि पुरुषी बूट. हातात झाकलेली वाटी.

"मी देवधर. दोन दारं सोडून राहते. मागच्या दोरीवर परकर दिसला, तेव्हाच म्हटलं आपल्यापैकी कोणीतरी आलंय. आडनाव?"

"अभ्यंकर."

"उद्या रविवार. काय करता?"

"काही नाही. आराम."

"तेच चुकतं. सकाळी कोपऱ्यावर कोच येईल. डबा माझ्याकडे. अंगात काहीतरी लोकरीचं घाला आणि..." इथे बाईंनी एक बोट वर केलं आणि त्या गप्प झाल्या. आमच्या छपराला जवळजवळ घासून एक विमान हीथ्रोकडे उतरलं. कपाटातले कप वाजायचे थांबले, तसं बोट खाली आलं. "...मोजे दोन जोड घ्या."

विमान गेलं की तुटल्या शब्दापासून वाक्य पुढे सुरू करणं ही सगळ्या हाउन्सलोची सवय. बाईंना ती इतकी जडली होती की डॉर्सेटच्या निवांत खेड्यात, जिथे आकाशात कावळ्याखेरीज काही उडत नव्हतं, तिथेही त्या मधेच बोट वर करून थांबायच्या. आणि आम्ही सगळे अदबीने नसलेलं विमान जाऊ द्यायचो.

बाई कराडच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. नवऱ्यामागे इथे आल्या तेव्हा कळलं की तिकडची बी.एड. इकडे चालत नाही. मग जवळच्याच शाळेत त्या डिनर लेडी झाल्या. सोमवार ते शुक्रवार पोरांच्या ताटांत उकडलेले बटाटे आणि मटार वाढायचे. वर्ग होता, घंटा होती, पोरं होती. फक्त फळ्यासमोर दुसरं कोणीतरी उभं असायचं. याबद्दल मी त्यांना कधी कुरकुरताना ऐकलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की आम्हाला धरलं. हाउन्सलो आणि पिनरची मराठी कुटुंबं, आणि कॉव्हेंट्रीचं एक जोडपं, जे शनिवारीच बाईंकडे मुक्कामाला यायचं. यांत डॉक्टर होते, इंजिनियर होते, एअरपोर्टवरचे लोक होते. रविवारी कोचमध्ये चढलं की सगळे इयत्ता पाचवी.

"दोन-दोनच्या जोड्या करा! हात धरला नाहीत तरी चालेल, पण जोडी सोडायची नाही. निघायच्या आधी सगळ्यांनी जाऊन या. लागली नसली तरी जा."

मोठमोठी ऑपरेशनं करणारे सर्जन डॉक्टर फाटक, ज्यांच्यासमोर हॉस्पिटलातले ज्युनियर चळचळ कापायचे, ते निमूटपणे रांगेत उभे राहून जाऊन यायचे.

मग हजेरी. तिला पुस्तक नव्हतं; सगळी आडनावं बाईंना तोंडपाठ. "फाटक!" "हजर, बाई." "अभ्यंकर!" "हजर, बाई." आमच्या टेरी नावाच्या गोऱ्या ड्रायव्हरला पहिले काही रविवार वाटत होतं की हे लोक एकमेकांना 'बाय' म्हणतायत. कोणी "बाई" म्हटलं की तो घाईने इंजिन सुरू करायचा. शेवटी बाईंनी त्याला समोर बसवून समजावलं, "टेरी, बाई इज मी." तेव्हापासून तो त्यांना 'मिसेस बाय' म्हणू लागला. बाईंच्या लसणाच्या चटणीचं त्याला असं व्यसन लागलं, की दुसऱ्या कोणाला रविवारची ड्यूटी मिळू नये म्हणून तो डेपोत भांडायचा.

बाईंची स्वारी फक्त दक्षिणेला जायची. केंट, ससेक्स, हॅम्पशायर, विल्टशायर, डॉर्सेट. लंडनच्या उत्तर वेशीवरच्या वॉटफर्डच्या वर त्या कधी सरकल्या नाहीत.

"बाई, एकदा उत्तरेलाही जाऊ या की," फाटक म्हणाले.

"उत्तरेत काय आहे?"

"स्कॉटलंड आहे."

"असू दे."

फाटकांनी मग आमच्या सहलींना 'दक्षिण दिग्विजय' असं नाव ठेवलं. चिडवायला ठेवलं होतं. पण बाईंनी ते छातीवर बिल्ला लावावा तसं मिरवलं.

माझी पहिली सहल स्टोनहेंजची. वारा असा, की पदर डोक्यावरून पुढच्या माणसाच्या तोंडावर. दगडांभोवती दोर बांधलेला, जवळ जायची सोय नाही. फाटक कॉलर वर करून म्हणाले, "एवढ्यासाठी पहाटे उठलो? नुसते दगड उभे आहेत."

"फाटक, ते नुसते उभे आहेत म्हणूनच आपण आलोय. तुम्ही एवढी वर्षं उभे राहून दाखवा, मी तुम्हाला बघायला येईन."

त्यांचा इतिहास सांगायचा ढंग काही औरच. तारखा त्या सांगत नसत. राजांची नावं त्यांच्या तोंडी क्वचितच यायची. पाट्या तर त्या वाचतच नसत. कोणताही किल्ला असो, महाल असो, मठ असो, बाई त्याची गोष्ट आपल्या शेजारच्या घरात घडल्यासारखी सांगायच्या. "हा धाकटा. याला वाटणीत काही मिळालं नाही, म्हणून हा फ्रान्सला मामाकडे जाऊन बसला. मामा काडी लावण्यात पटाईत. इकडे थोरली वहिनी नवऱ्याच्या कानाशी..." सहा लग्नं करणाऱ्या राजाची कथा त्यांनी हॅम्प्टन कोर्टच्या मुदपाकखान्यात उभं राहून सांगितली, तेव्हा तिसरीच्या बाळंतपणाला आमच्यातल्या दोघींनी डोळे पुसले.

फाटकांनी एकदा गाइडबुक विकत घेतलं. बाईंची गोष्ट रंगात आली असताना ते मधेच म्हणाले, "बाई, हे साफ चूक आहे. इथे लिहिलंय, तो भाऊ नव्हताच, चुलता होता. आणि तो इथे कधी आलाच नाही."

बाईंनी बोट वर केलं. आम्ही विमानाची वाट पाहिली. पण या वेळी त्या विचार करत होत्या.

"फाटक, पुस्तकातलं पुस्तकात राहील. मी सांगितलेलं तुमच्या लक्षात राहील. चुलता म्हणायचं असेल तर चुलता म्हणा. पण मेला खोडसाळ होता, यावर तुमच्या पुस्तकाचं काही म्हणणं आहे का?"

फाटकांनी पान उलटून पाहिलं. "नाही."

"मग झालं."

त्या चुलत्याचं नाव आज मला विचाराल तर सांगता येणार नाही. तो खोडसाळ होता, हे मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पोरं मोठी व्हायला लागली आणि कोचच्या मागच्या सीटवर बंड सुरू झालं. त्याची म्होरकी माझी मुलगी मीनल. इथेच जन्मलेली, बारा-तेरा वर्षांची. तिचं मराठी घरात शिकलेलं. त्यात स्त्रीलिंग-पुल्लिंग अशी भानगड नव्हती. "बाई, नॉट अनदर कॅसल, प्लीज! सगळी किल्ले सेम असतो. आपण थीम पार्कला जाऊ या. लेट्स व्होट."

मतदान घेतलं. पोरांचे हात वर गेले, ते अपेक्षितच होतं. पण त्यांच्यामागोमाग एकेका मोठ्या माणसाचाही हात वर गेला. फाटकांचा तर दोन्ही. बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. शाळेत एखादं पोर ताटातले मटार तसेच ठेवून उठलं की त्या जसं बघत असतील, तसं.

"ठीक आहे. लोकशाही आहे. जोड्या करा."

सरेमधल्या त्या थीम पार्कात आम्ही दोन-दोनच्या जोडीने शिरलो. रोलरकोस्टरखाली बाई बराच वेळ मान वर करून उभ्या राहिल्या.

"हे कशासाठी असतं?"

"भीती वाटायला, बाई," मीनल म्हणाली.

"भीती वाटावी म्हणून रांग लावायची?"

"हो."

"चल. बघू कशी वाटते."

आम्ही खाली थांबलो. डबा टकटकत वर चढला. पुढच्याच सीटवर मरून ओव्हरकोट दिसत होता. टोकावर तो क्षणभर थांबला आणि मग सगळं एकदम कोसळलं. किंचाळ्यांच्या त्या गदारोळातून मीनलचा आवाज आला, "बाऽई! साडी उडालाऽ!"

आणि त्याहून खणखणीत, डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत दिलेलं उत्तर, "उडालीऽ! ती साडीऽ! उडालीऽ!"

खाली उतरल्यावर बाईंनी निऱ्या सारख्या केल्या, अंबाड्यातला आकडा काढून पुन्हा खोचला आणि म्हणाल्या, "इतिहास काही नाही यात." मग थोडं थांबून, "चल, पुन्हा बसू." मीनलचं मराठी पुढेही तसंच राहिलं, पण साडी मात्र तेव्हापासून कायमची स्त्रीलिंगी झाली.

आता वसंतरावांबद्दल सांगायला हवं. हे बाईंचे यजमान. हीथ्रोला कार्गोमध्ये नोकरी. उंच, सडसडीत आणि इतके अबोल, की त्यांनी 'हो' म्हटलं तरी गप्पा मारल्यासारखं वाटायचं. ते प्रत्येक सहलीला यायचे आणि एकदाही कोचमधून उतरायचे नाहीत. टेरी आणि ते पुढच्या सीटवर बसून रेडिओवर क्रिकेट ऐकायचे. टेरी डबा खायचा, वसंतराव स्कोअर ऐकायचे. एकदा मी विचारलं, "तुम्ही आत का येत नाही हो?" तर म्हणाले, "दक्षिण इंग्लंडमधले सगळे कार पार्क मी पाहिलेत. काही काही फार सुंदर आहेत."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर असेल, वसंतरावांना छातीचा त्रास सुरू झाला. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मिळाल्या. त्या उन्हाळ्यात आम्ही केंटच्या किनाऱ्यावरच्या एका किल्ल्यात गेलो. टेरी आजारी होता. त्याच्या जागी आलेला ड्रायव्हर एक तरुण, कानात वॉकमन घालून बसणारा. कोचमध्ये रेडिओ नाही.

किल्ला पाहून झाला. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या वेळेला बाहेर आलो, बाईंनी हजेरी घेतली, सगळे हजर झाले आणि कोच निघाला. मोटरवेवर ट्रॅफिक तुंबला होता. मीनल बिस्किटं वाटत पुढे गेली आणि तिथूनच ओरडली, "बाई, काका कुठे आहे?"

"असतील तिथेच."

"नाहीये. नुसता टोपी आहे."

लिंग सुधारायला बाईंनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"असं कसं?" फाटक म्हणाले. "हजेरी तर पूर्ण झाली." आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. ते जरा हळू म्हणाले, "बाई, त्यांचं नाव तुम्ही घेतलंच नाहीत."

"मी कधी घेतलंय?" बाई म्हणाल्या.

खरंच होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे बाई कराडहून बरोबर घेऊन आल्या होत्या. घरात 'अहो', बाहेर 'आमचे हे'. इतक्या वर्षांत एकाही हजेरीत वसंतरावांचं नाव नव्हतं आणि ते कोणाला जाणवलंही नव्हतं. कारण ते कोचमधून उतरतच नसत.

"गोळ्या त्यांच्या खिशात आहेत ना?" फाटकांचा आवाज आता हॉस्पिटलमधला झाला होता.

बाईंनी पर्स उघडून पाहिली. मग ती मिटली आणि त्या खाली बसल्या. चालत्या कोचमध्ये बाईंना बसलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. तोवर त्या नेहमी मधल्या वाटेत, एका हाताने दांडी धरून, उभ्याच असत.

कोच वळवला. किल्ल्याचं ते अवाढव्य लाकडी दार बंद झालं होतं. कार पार्क रिकामा, डोक्यावर सीगल्सचा कलकलाट. फाटकांनी दारावर दोन्ही हातांनी धपाधपा मारलं, पण लाकूड इतकं जाड, की आवाज आत जातच नव्हता.

बाई पुढे झाल्या. "अहो!" त्यांनी हाक मारली.

आमच्यातल्या चार-पाच नवऱ्यांनी सवयीने माना वळवल्या.

"अहोऽ! ऐकलंत का?"

सीगल ओरडले.

"बाई, नाव घ्या," फाटक म्हणाले. "नुसत्या 'अहो'ने कोणाला कळणार?"

"उखाण्यात घ्या हवं तर," मागून एक काकू काळजीने पुटपुटल्या.

"बाई, जस्ट से हिज नेम!" मीनल रडवेली झाली होती.

बाईंनी आमच्याकडे पाठ केली. ओव्हरकोटाचं वरचं बटण लावलं. छाती भरून श्वास घेतला आणि कराडच्या शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचत असेल अशा आवाजात, तटाकडे बघून ओरडल्या, "वसंतऽ! वसंत देवधरऽ!"

मग वरून, तोफांच्या रांगेतून, उत्तर आलं.

"हजर!"

तटावर वसंतराव उभे होते. हातात कप होता आणि शेजारी किल्ल्याचा रखवालदार. झालं होतं ते असं: रेडिओ नाही म्हणून कंटाळून वसंतराव आयुष्यात पहिल्यांदा किल्ल्यात शिरले, वरपर्यंत चढले, दम लागला म्हणून बुरुजात बसले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. कुलपं लावता लावता रखवालदाराला ते सापडले. त्याने चहा केला, आणि तो क्रिकेटवाला निघाला.

खाली आल्यावर बाईंनी त्यांच्या हातावर गोळ्यांची बाटली ठेवली, ती त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात गेल्याची खात्री केली, खिशावर दोनदा थोपटलं. फाटकांनी नाडी पाहिली. नाडी ठीक होती. बाईंचीही पाहायला हवी होती, पण ते सुचवायची हिंमत कोणाला झाली नाही.

"काय करत होतात एवढा वेळ?" कोचमध्ये बसल्यावर बाईंनी खिडकीबाहेर बघत विचारलं.

"वरून समुद्र दिसतो," वसंतराव म्हणाले. "पलीकडे फ्रान्सही दिसतं." मग बऱ्याच वेळाने, "बरा आहे किल्ला. तू सांगतेस तसा."

पुढच्या रविवारपासून हजेरीत पहिलं नाव "वसंत देवधर" आलं. ते घेताना बाई काच पुसत असल्यासारखं करून पाठमोऱ्या व्हायच्या, पण घ्यायच्या. आणि वसंतराव उतरायला लागले. जोडीने चालायचे, सगळ्यात मागे.

मग सहली हळूहळू थांबल्या. प्रत्येकाकडे गाडी आली, पोरं युनिव्हर्सिटीला गेली, टेरी निवृत्त झाला. देवधरही हाउन्सलोचं घर विकून ससेक्सच्या किनाऱ्याजवळ छोट्या बंगल्यात राहायला गेले. ख्रिसमसला फोन व्हायचा. फोनवर बाई थोडक्यात बोलायच्या, मी तब्येत विचारली की म्हणायच्या, "आहे."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आणि मीनल एका शनिवारी ससेक्समधला एक जुना महाल बघायला गेलो. आवडीने गेलो, हे मुद्दाम सांगते, कारण निघू या असं मीनलच म्हणाली होती. तसबिरींच्या लांब दालनात शिरतो तोच ओळखीचा आवाज कानावर आला. इंग्रजी होतं, पण चाल कराडची.

"धिस वन इज द यंगर ब्रदर. व्हेरी गुड-लुकिंग, व्हेरी यूजलेस. द मदर स्पॉइल्ड हिम."

एका मोठ्या तसबिरीखाली देवधरबाई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, अंगावर इरकल आणि तिच्यावर महालाचा व्हॉलंटियरचा बिल्ला. समोर दहा-बाराजणांचा गोरा घोळका. एका आजोबांनी हातातलं गाइडबुक उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि परत मिटलं. नंतर माझ्या लक्षात आलं, की ते सगळे दोन-दोनच्या जोडीने उभे होते. त्यांना तसं कोणी सांगितलं असेल असं नाही; पण बाईंसमोर माणसं आपोआप तशी उभी राहतात.

बाईंनी आम्हाला पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "अभ्यंकर," त्या मराठीत म्हणाल्या, "दोराच्या मागे." आणि गोष्ट पुढे चालू.

घोळका पुढच्या दालनात गेल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. "व्हॉलंटियर पाहिजेत अशी पाटी होती. मी आत जाऊन विचारलं, शिकवायचं का? ते म्हणाले, नाही, माहिती सांगायची. म्हटलं, तेच ते. काय काय बोलायचं त्याचा एक कागद दिलाय त्यांनी."

"मग?"

"वाचला. कोरडा आहे फार." मग मीनलकडे वळून, "काय शिकतेस तू?"

"हिस्ट्री," मीनल म्हणाली.

बाईंनी बोट वर केलं. त्या महालावरून विमानं जात नाहीत. बोट बराच वेळ तसंच राहिलं, मग खाली आलं. "छान," त्या म्हणाल्या. "तारखांमध्ये अडकू नकोस." आणि खिडकीचा पडदा उगाच सारखा करू लागल्या.

पुढच्या हिवाळ्यात वसंतरावांचा फोन आला, बाई गेल्याचा. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारी. महाल बंद व्हायची वेळ झाली होती. आम्ही गाडीपाशी उभ्या होतो आणि बाई हिरवळीवरून, इरकलीखाली गुडघ्यापर्यंत वेलिंग्टन बूट घालून, तरातरा बस स्टॉपकडे निघाल्या होत्या. त्यांच्या वाटेत महालाचा मोर पिसारा फुलवून आडवा उभा होता. सगळे पर्यटक त्याला वळसा घालून, कौतुकाने फोटो काढत जात होते. बाई सरळ त्याच्यासमोर जाऊन थांबल्या. एवढ्या लांबून शब्द नीट कळत नव्हते, पण भाषा मराठी होती आणि स्वर वर्गातला होता. मोराने एकदा मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. मग पिसारा मिटला, आणि खाली बघत, तो मुकाट्याने बाजूला झाला.